उजेडाची टाकी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

आमच्या लहानपणी दुपारच्या वेळी गल्लीत एक हाळी यायची, ‘टाकी लावायचीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ!’ खांद्याला झोळी, झोळीत दोन-तीन छिन्न्या आणि एक हातोडी घेऊन एक बाई दारोदार हिंडायची. घरोघरचे पाटे वापरून वापरून गुळगुळीत झालेले असत. गुळगुळीत पाट्यावर वाटण होत नाही, मिरची नुसती वरवंट्याखालून इकडून तिकडे सरकते. मग ही बाई अंगणात फतकल मारून बसायची आणि छिन्नीनं टकटक करत पाट्यावर बारीक बारीक खळगे पाडायची. पण कामाला हात घालण्याआधी ती आईला एक प्रश्न हमखास विचारायची, ‘वैनी, पाट्यावर जास्ती काय वाटता? चटनी का पुरन?’ उत्तर ऐकून मग ती छिन्नी निवडायची.

त्या प्रश्नाचं मोल तेव्हा कळलं नाही. ते कळायला मला इंजिनिअर व्हावं लागलं आणि एक चूकही करावी लागली.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. कारखान्यातल्या एका जुन्या यंत्राची स्लाइड, म्हणजे ज्या पट्टीवरून यंत्राचा वरचा भाग मागेपुढे सरकतो ती पट्टी, दुरुस्तीला आली होती. मी उत्साहात ती ग्राइंडिंग करून, पॉलिश करून अगदी आरशासारखी करून घेतली. जोडणी झाली, यंत्र सुरू झालं आणि वरचा भाग अडखळत, धक्के खात चालू लागला. हळू चालवला की थबकायचा, मग एकदम पुढे उडी घ्यायचा. आमच्याकडे एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी स्लाइडवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, ‘साहेब, आरसा झाला खरा, पण तेल थांबणार कुठं?’ त्यांनी स्क्रेपर घेतला आणि दोन दिवस खपून त्या आरशावर चंद्रकोरीसारखे उथळ ओरखडे काढले. त्यात तेल साठलं आणि यंत्र लोण्यासारखं चालू लागलं.

गुळगुळीत ते चांगलं, ही माझी समजूत त्या दिवशी गेली. पृष्ठभाग चांगला की वाईट हे तो कोणत्या कामासाठी आहे त्यावर ठरतं. आज मी ज्या तंत्राबद्दल सांगणार आहे, ते म्हणजे लेसरच्या किरणानं वस्तूच्या पृष्ठभागाला हवा तसा पोत देणं. ही त्या टाकीवाल्या बाईचीच आणि त्या मिस्त्रींचीच विद्या आहे. फरक एवढाच की छिन्नी पोलादाची नसून उजेडाची आहे.

सगळा कारभार कातडीचा

कोणतीही वस्तू घ्या. तिचं वजन, तिची मजबुती तिच्या अंगात असते. पण ती दुसऱ्या वस्तूशी वागते कशी, हे तिच्या कातडीवर ठरतं. घासली जाईल का, झिजेल का, गंजेल का, तिच्यावर रंग बसेल का, पाणी पसरेल की ओघळून जाईल, हा सगळा कारभार वरच्या काही मायक्रॉनांचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीहूनही पातळ असा हा थर असतो.

या पातळ थराची किंमत मात्र फार मोठी आहे. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीनं घर्षण आणि झीज यांमुळे उद्योगांचं किती नुकसान होतं याचा अहवाल सरकारला दिला आणि ‘ट्रायबॉलॉजी’ हा शब्द त्यानंतर रूढ झाला. घासणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला आहे. पुढे २०१७ मध्ये केनेथ होल्मबर्ग आणि अली एर्डेमिर या दोन शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाचा हिशेब मांडला. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के ऊर्जा घासणाऱ्या पृष्ठभागांपायी जाते. त्यातली २० टक्के घर्षणावर मात करण्यात आणि ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा बनवण्यात. शंभर रुपयांचं इंधन भरलं, तर वीस रुपये नुसते घासाघाशीत गेले असं समजा. मोटारगाडीत तर हे प्रमाण आणखी जास्त आहे. याच अभ्यासकांच्या २०१२च्या हिशेबाप्रमाणे गाडीतल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी जवळजवळ एक तृतीयांश घर्षणापोटी खर्ची पडते.

म्हणून घर्षण पार नाहीसंच करावं का? तसंही नाही. ब्रेक लागायला घर्षण हवं, पायातली चप्पल घसरू नये म्हणून हवं, बोल्ट सुटू नये म्हणून हवं. कुठे किती घर्षण हवं, एवढं आपल्या हाती असलं म्हणजे झालं.

जुन्या टाक्या

पृष्ठभागाला पोत देण्याचे मार्ग कारखान्यांत पूर्वीपासून आहेत. मिस्त्रींच्या हातातला स्क्रेपर हा त्यातला सर्वांत जुना आणि आजही अचूक यंत्रांच्या बांधणीत तो वापरला जातो. गाडीचं इंजिन उतरवलं की गॅरेजमध्ये बोअरला ‘होनिंग’ करतात. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा काढतात, त्या तेल धरून ठेवण्यासाठीच. तिसरा मार्ग वाळूच्या माऱ्याचा. हवेच्या दाबानं वाळूचे कण पृष्ठभागावर आदळवायचे. यात पृष्ठभाग खडबडीत होतो खरा, पण त्या वाळूची बारीक धूळ कामगाराच्या छातीत जाते आणि सिलिकोसिससारखा बरा न होणारा रोग जडतो.

चौथा मार्ग आम्लाचा. मोटारीचा डॅशबोर्ड पाहा. प्लास्टिकचा असूनही त्याच्यावर चामड्यासारख्या सुरकुत्या असतात. त्या सुरकुत्या प्लास्टिकवर कोरलेल्या नसतात. ज्या पोलादी साच्यात ते प्लास्टिक ओतलं जातं, त्या साच्याच्या आतल्या अंगावर त्या उलट्या कोरलेल्या असतात. ही कोरणी वर्षानुवर्षं आम्लानं होत आली. साच्यावर आम्लाला दाद न देणारा लेप द्यायचा, जिथे खोलवा हवा तिथला लेप काढायचा आणि साचा आम्लात बुडवायचा. एवढ्यानं भागत नाही. खोलवा कमी-जास्त हवा असेल, तर लेप आणि आम्ल यांची ही फेरी पुन्हा पुन्हा करावी लागते. लेप हातानं चिकटवायचा, सांधे हातानं जुळवायचे, वाफा नाकात जायच्या, आणि उरलेलं आम्ल कुठे न्यायचं हा प्रश्न शेवटी असायचाच.

या सगळ्या मार्गांत एक उणीव समान आहे. पृष्ठभाग खडबडीत होतो, पण नेमका कुठे किती, हे बरंचसं नशिबावर किंवा हातावर अवलंबून. चांगला हात निवृत्त झाला की त्याच्याबरोबर ती विद्याही जाते. वाळूचा कण कुठे आदळेल हे कोण सांगणार? समजा आपल्याला दहा मायक्रॉन खोलीचे, सारख्याच आकाराचे, सारख्याच अंतरावरचे एक लाख खळगे हवे आहेत. हे काम वाळूला जमत नाही आणि छिन्नीलाही जमत नाही. इथे लेसर पुढे येतो.

बारामतीहून निघालेला माणूस

पहिला लेसर १६ मे १९६० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून पेटवला. पण कारखान्यात राबणारा लेसर घडवण्यात एका आपल्या माणसाचा मोठा वाटा आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल हे १९३८ साली बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन अमेरिकेला गेले. तिथल्या बेल प्रयोगशाळेत असताना १९६३-६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधून काढला. आपण श्वासावाटे जो वायू बाहेर टाकतो, त्याच वायूतून अखंड आणि जोरकस किरण निघतो हे त्यांनी दाखवलं. आज जगभरच्या कारखान्यांत कापण्याचं, जोडण्याचं, कोरण्याचं काम हा लेसर करतो. त्याच्या जोडीला आता केसासारख्या काचतंतूतून निघणारे फायबर लेसरही आले आहेत.

लेसरचा उजेड साध्या दिव्याच्या उजेडापेक्षा वेगळा का? जत्रेतली गर्दी आणि टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर एका पावलानं चालणारी दिंडी डोळ्यांपुढे आणा. दोन्हीकडे माणसंच असतात. पण गर्दी वाट फुटेल तिकडे पांगते, दिंडी एका लयीत, एका दिशेनं जाते. दिव्याचा उजेड म्हणजे जत्रा, लेसरचा उजेड म्हणजे दिंडी. सगळ्या लहरी एकाच रंगाच्या, एकाच तालात. त्यामुळे भिंगातून तो काही मायक्रॉनांच्या ठिपक्यावर एकवटता येतो. भिंगानं उन्हात कागद पेटवण्याचा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलेला आहे. तोच खेळ इथे पोलादावर खेळायचा आहे.

हा उजेड अखंड सोडला, तर धातू वितळून सगळीकडे पसरेल. म्हणून तो ठोक्याठोक्यानं सोडतात, अगदी हातोडीच्या घावासारखा. हे ठोके किती लहान असतात, याचा अंदाज घेऊ. उजेड एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. सेकंदाच्या एक अब्जांश भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, तो जेमतेम फूटभर जातो. कारखान्यातल्या बऱ्याच लेसरांचे ठोके काही नॅनोसेकंदांचे असतात. ठोका पडला की त्या ठिपक्यापुरता धातू वितळतो, त्याची वाफ होते आणि वाफेच्या दाबानं थोडा रस कडेला उडतो. तिथे एक खळगा तयार होतो आणि त्याच्याभोवती बारीक कड उरते. तापलेल्या आमटीत थेंब पडला की कसं होतं, तसं.

ती कडसुद्धा नको असेल, तर ठोका आणखी लहान करावा लागतो. सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले की त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. शंभर फेम्टोसेकंदांत उजेड फक्त ३० मायक्रॉन जातो, म्हणजे केसाची जाडीही ओलांडत नाही. इतक्या थोड्या वेळात उष्णतेला आजूबाजूला पसरायला सवडच मिळत नाही. दिव्याच्या ज्योतीवरून बोट झरकन नेलं, तर भाजत नाही ना? तसंच. जिथे घाव पडला तेवढाच कण उडून जातो, शेजारचा धातू जवळजवळ थंडच राहतो. असे जोरकस आणि क्षणभंगुर ठोके मिळवण्याची युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात शोधली. आधी ठोका लांबवायचा, मग त्याची ताकद वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा दाबून आखूड करायचा. या युक्तीसाठी त्या दोघांना २०१८ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

कारखान्यातल्या यंत्रात हा किरण दोन चिमुकल्या आरशांवरून फिरवतात. संगणकात नक्षी भरायची, आरसे तसे हलतात आणि किरण सेकंदाला हजारो ठोके देत ती नक्षी उमटवत जातो. छिन्नीला धार लावायला नको, कारण छिन्नी झिजतच नाही. आम्ल नको, वाळू नको. आज केलेला साचा दहा वर्षांनी हुबेहूब तसाच पुन्हा करता येतो.

तेलाच्या खळ्या

आता प्रत्यक्ष उपयोग पाहू. पाण्याचा पंप घ्या. फिरणारा दांडा पंपाच्या आत जिथे शिरतो, तिथून पाणी गळू नये म्हणून ‘मेकॅनिकल सील’ बसवतात. दोन चपट्या कड्या एकमेकींवर टेकलेल्या असतात. एक फिरते, एक स्थिर राहते. फार घट्ट बसवल्या तर घासून तापतात आणि तडकतात. सैल बसवल्या तर गळतात. शेतातला पंप असो की रसायनाच्या कारखान्यातला, पंप बंद पडण्यामागे बहुतेकदा हे सील असतं.

१९९०च्या दशकात इस्रायलमधल्या टेक्निऑन या संस्थेतले प्राध्यापक इझाक एत्सिऑन यांनी या कडीवर लेसरनं खळ्या पाडायला सुरुवात केली. गालावर पडते तशी खळी, पण साधारण १०० मायक्रॉन रुंद आणि १० मायक्रॉनांच्या आसपास खोल. पृष्ठभागावरचे बारीक खळगे वंगणाला मदत करतात, हा विचार १९६६ सालीच काही अमेरिकी संशोधकांनी मांडला होता. तो नेमकेपणानं कारखान्यात उतरवण्याचं साधन तीस वर्षांनी हाती आलं.

ही खळी तीन कामं करते. पहिलं काम साठवणीचं. तेल कमी पडलं, तर खळीतलं तेल उपयोगी येतं. दुसरं काम कचराकुंडीचं. झिजून निघालेला कण खळीत जाऊन बसतो, एरवी तोच दोन्ही पृष्ठभागांना ओरखडत राहिला असता. तिसरं काम सर्वांत गमतीचं. कडी फिरताना खळीतला द्रव पुढच्या काठाकडे ढकलला जातो. तिथे जागा अरुंद झाल्यानं त्याचा दाब वाढतो आणि वरची कडी किंचित उचलली जाते. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगात जाणारी गाडी कशी पाण्यावर उचलली जाते, तसाच हा प्रकार. गाडीच्या बाबतीत तो जिवावर बेततो, सीलच्या बाबतीत तोच सीलचा जीव वाचवतो. अशा हजारो खळ्या मिळून दोन कड्यांमध्ये द्रवाचा पातळ पडदा उभा करतात. कड्या एकमेकींना टेकतच नाहीत आणि गळतीही आटोक्यात राहते.

इंजिनातही हेच तत्त्व. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. त्या जागी वेग शून्य झाल्यामुळे तेलाचा पडदा तुटतो आणि झीज सर्वांत जास्त होते. म्हणून जर्मनीत सिलिंडरच्या नेमक्या तेवढ्याच पट्ट्यात लेसरनं तेलाचे खळगे पाडण्याची पद्धत निघाली. बाकीची भिंत गुळगुळीत ठेवली की तेलही कमी जळतं. सगळ्या भिंतीवर सरसकट रेघा मारण्यापेक्षा जिथे दुखतं तिथेच औषध लावावं, तसं हे झालं.

फार गुळगुळीतपणाची शिक्षा आणखी एका जागी भोगावी लागली होती. काचेची दोन ओली तावदानं एकमेकांवर ठेवली, तर ओढून सुटत नाहीत हा अनुभव आपल्याला आहे. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये हेच होऊ लागलं. माहिती जास्त मावावी म्हणून तबकडी अधिकाधिक गुळगुळीत केली आणि संगणक बंद असताना वाचणारं टोक तबकडीला चिकटू लागलं. मग १९९०च्या दशकात आयबीएमच्या संशोधकांनी तबकडीवरच्या फक्त टोक टेकण्याच्या पट्ट्यात लेसरनं फोड उठवले, तेही मायक्रॉनच्या काही शतांश उंचीचे. टोक त्या फोडांवर टेकू लागलं आणि चिकटणं थांबलं.

मोटारीचा पत्राही असाच. १९८०च्या दशकात बेल्जियममधल्या लिएज इथल्या धातुसंशोधन केंद्रानं पत्रा लाटणाऱ्या पोलादी लाटण्यावरच कार्बन डायऑक्साइड लेसरनं खळगे पाडण्याची पद्धत बसवली. फिरणाऱ्या लाटण्यापुढे खाचा असलेली चकती फिरवून किरण तोडत तोडत सोडायचा. लाटण्याचा ठसा पत्र्यावर उमटायचा. त्या ठशात तेल राहिल्यामुळे पत्रा दाबून दरवाजा किंवा बॉनेट घडवताना फाटत नसे आणि रंग दिल्यावर झळाळीही चांगली येई. पुढे विजेच्या ठिणग्यांनी लाटण्यावर पोत देण्याची पद्धत सोयीची ठरली आणि अनेक कारखाने तिकडे वळले. प्रत्येक ठिकाणी लेसरच जिंकतो असं नाही, हेही सांगायला हवं.

अळवावरचं पाणी

क्षणभंगुर गोष्टीला आपण अळवावरचं पाणी म्हणतो. अळूच्या पानावर पाणी टाकलं, तर त्याचे मोती होतात आणि घरंगळून जातात. कमळाच्या पानाचंही तसंच. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा ही पानं गुळगुळीत मुळीच नाहीत असं दिसलं. त्यांच्यावर मेणाचा थर चढलेले असंख्य बारीक उंचवटे असतात. थेंब उंचवट्यांच्या फक्त टोकांवर टेकतो, खाली हवा राहते आणि घरंगळताना थेंब धूळही उचलून नेतो. १९९७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं प्रसिद्ध केलेल्या निबंधानं जगभरच्या तंत्रज्ञांचं लक्ष या पानांकडे वेधलं.

रोचेस्टर विद्यापीठातल्या चुनलेइ गुओ यांनी फेम्टोसेकंद लेसरनं धातूवर असेच उंचवटे कोरले. २००६ साली त्यांनी चकाकणारा धातू नुसत्या पोतामुळे काजळासारखा काळा करून दाखवला. बारीक खळग्यांमध्ये शिरलेला उजेड आत अडकतो आणि बाहेर येत नाही. २०१५ साली पाण्याला झिडकारणारा धातू केला. त्यावरून थेंब अक्षरशः उसळी मारून उडतात. आणि पोत बदलला, तर तोच लेसर उलटंही करतो. २०२० साली त्यांच्या गटानं ॲल्युमिनिअमच्या पत्र्याला असा पोत दिला की पत्रा काळा झाला आणि पाणी त्याच्यावरून आपोआप वर चढू लागलं. हा पत्रा उन्हात उभा करायचा. काळेपणामुळे तो तापतो, वर चढलेल्या पातळ थराची वाफ होते आणि वाफ थंड केली की शुद्ध पाणी मिळतं. ना लेप, ना रंग, ना वीज. पाणी दूषित आणि ऊन मुबलक अशा मुलखांसाठी याहून मोठी गोष्ट कोणती?

शरीराच्या आतही पोताला महत्त्व आहे. टायटॅनिअमला हाड स्वीकारतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनिअमच्या खुंट्या बसवल्या. पण खुंटी गुळगुळीत असली की हाडाच्या पेशींना धरायला जागा मिळत नाही. वाळूसारख्या कणांच्या माऱ्यानं ती खडबडीत केली, तर काही कण तिच्यात रुतून राहू शकतात. लेसर मागे असं काही ठेवत नाही. दाताच्या काही खुंट्यांच्या मानेशी लेसरनं साधारण ८ मायक्रॉन रुंदीचे चर काढतात. चर पेशीच्या मापाचे असल्यामुळे हिरडीच्या पेशी नांगरटीतल्या पेरणीसारख्या त्यांच्या रेषेत वाढतात आणि हिरडी खुंटीला घट्ट धरून राहते.

आणि याच्या उलट, जिथे जंतूंनी बस्तान बसवू नये तिथेही पोत कामाला येतो. आपल्याकडे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात भरून ठेवण्याची रीत होती. या धातूंवर जंतू फार काळ टिकत नाहीत. त्यांच्यावर लेसरनं बारीक नक्षी काढली, तर जंतूंचा धातूशी संबंध किती यावा हेही ठरवता येतं. २०२१-२२ मध्ये जर्मन अंतराळवीर मॅथियास माउरर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात होते. तिथे अशा नक्षीच्या धातूच्या पट्ट्या ठेवून, त्यांना हात लावून, त्यांच्यावर जंतू किती राहतात याची परीक्षा घेतली गेली.

आधी प्रश्न, मग घाव

इतकं सगळं असूनही लेसरचा पोत घरोघरी का दिसत नाही? पहिलं कारण वेळ. २०१५च्या त्या प्रयोगात एक इंच लांब, एक इंच रुंद तुकडा कोरायला तासभर लागला होता. एकेक खळगा मारत बसलं, तर जहाजाचा तळ कधी पुरा व्हायचा? त्यावर जर्मनीत ड्रेस्डेन इथे चांगलं काम झालं आहे. तळ्यात दोन दगड टाकले की लाटा एकमेकींत मिसळून नक्षी तयार होते. तसे दोन लेसर किरण एकाच जागी सोडले की उजेड-अंधाराच्या बारीक पट्ट्यांची नक्षी आपसूक पडते आणि एका ठोक्यात शेकडो रेघा उमटतात. वेग वाढतो आहे, ठोक्यांची संख्याही वाढते आहे. पण यंत्राची किंमत अजून लहान कारखानदाराला सहज पेलणारी नाही.

दुसरं, किरण डोळ्याला दिसत नाही. कारखान्यातले बहुतेक लेसर अवरक्त असतात. परावर्तित किरण डोळ्यात गेला, तर पडदा जळतो आणि ते लगेच कळतही नाही. उडालेल्या धातूचा धूर छातीत जाऊ शकतो. म्हणून बंदिस्त कोठी, चष्मा आणि धूर ओढणारा पंखा हे हवेतच. वाळूनं आणि आम्लानं कामगारांचं जे केलं, ते उजेडानं करू नये एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चुकीचा पोत घर्षण कमी करण्याऐवजी वाढवतो. खळी फार खोल झाली तर दाब तयारच होत नाही. फार दाट झाल्या तर टेकायला जागा उरत नाही आणि झीज वाढते. भोवतीची कड घासून काढली नाही, तर तीच करवतीसारखी कापत सुटते. पातळ तेलाला एक माप, घट्ट तेलाला दुसरं. एका पंपावर यशस्वी झालेला पोत दुसऱ्या पंपावर आंधळेपणानं उचलून लावता येत नाही. इतकंच काय, लेसर मारल्याबरोबर पाणी शोषून घेणारे अनेक धातू काही दिवस हवेत राहिले की पाण्याला झिडकारू लागतात. त्यामुळे कालची परीक्षा आज खोटी ठरू शकते.

मध्यंतरी एका लहानशा वर्कशॉपमध्ये जाण्याचा योग आला. साच्यांवर लेसरनं पोत देण्याचं काम तिथे चालतं. यंत्रावर एक तरुण मुलगी होती. एक गिऱ्हाईक साचा घेऊन आलं आणि म्हणालं, ‘याला जरा चांगलं टेक्श्चर मारून द्या.’ तिनं साचा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘काका, यातून निघणारा भाग कुठे लागणार आहे? माणसाचा हात लागणार का त्याला, का तो आतच राहणार?’

गिऱ्हाईक विचारात पडलं. मला मात्र अंगणात बसलेली ती टाकीवाली बाई आठवली. ‘वैनी, पाट्यावर जास्ती काय वाटता?’